चावून बघितली का?

मुसळी जमिनीतून काढायची ती तिची पानं वाळून गेल्यावर. तोवर वर काहीच उरलेलं नसतं. श्रावणात जिथं गवतासारखी हिरवी पानं आणि बारीक पांढरी फुलं होती, तिथं कार्तिकात नुसती माती. म्हणून भागूबाई श्रावणातच प्रत्येक रोपापाशी एकावर एक असे तीन दगड रचून ठेवते. कार्तिकात दगड शोधायचे आणि खुरप्यानं हलक्या हातानं उकरायचं. खालून बोटांसारख्या मुळ्यांचा घोस निघतो. त्यातल्या जाड मुळ्या ती काढून घेते आणि डोळा असलेला बुडखा दोन-तीन मुळ्यांसकट त्याच खड्ड्यात परत पुरते.

"समदी घेतली तर पुढच्या साली दगडाखाली दगडच सापडंल," ती म्हणते.

वेरूळच्या पुढं डोंगराला लागून तिची वस्ती आहे. घरामागचा मुरमाड माळ तिच्या मालकीचा. त्यावर पळस, धावडा, थोडा साग. कुणी तिथं ज्वारी पेरायची हिंमत केली नाही, म्हणून झाडं राहिली आणि झाडांच्या सावलीत मुसळी राहिली. शेजारच्या फॉरेस्टच्या हद्दीत ती पाय ठेवत नाही. तिथली मुसळी कधीच संपली, असं ती सांगते. दगड रचणारं तिथं कुणी नव्हतं.

थंडीत दर गुरुवारी ती काळी-पिवळी जीपनं शहरात येते आणि औरंगपुऱ्यात फुलवाल्यांच्या शेजारी पोतं अंथरून बसते. मी तिला पहिल्यांदा भेटले ती दोन वर्षांपूर्वी. मी औषधाच्या एका कंपनीत, प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडं भुकटीची पोती येतात आणि पोत्यात जे आहे असं लिहिलंय तेच आहे का, हे आम्ही यंत्रावर तपासतो. त्यासाठी मला खात्रीची, ओळखीच्या हातानं काढलेली मुसळी हवी होती.

"आमच्या डबीवर हिला भारतीय जिनसेंग म्हणतात," मी तिला सांगितलं होतं.

"ते कोण?"

"तिकडं कोरियातल्या जंगलात मिळते, तशीच मुळी. ताकदीची. फार महाग."

"तीबी सावलीतच येती का?"

"हो."

"मंग असंल बहीण." तिनं एक मुळी माझ्या हातावर ठेवली. "तिला वळखायची कशी?"

"यंत्रावर."

"यंत्राला दात हायत का?"

शेजारचा फुलवाला हसला. तिनं सुरीनं एका मुळीची कपची काढली, स्वतःच्या दाढेखाली धरली, दोनदा चावली आणि तोंड उघडून मला दाखवली. कपची दाढेला चिकटून बसली होती. ही तिची परीक्षा. सासूनं शिकवलेली, चाळीस वर्षं केलेली. प्रत्येक पोत्यातून पाच-सहा ठिकाणची कपची चावल्याशिवाय ती पोत्याचं तोंड बांधत नसे. दाताला चिकटली ती मुसळी. चिकटली नाही तर ती काही का असेना, आपली नाही.

मुसळीसोबत ती आणखी एक मुळी आणायची, कळलावीची. तीही त्याच माळावर, त्याच झुडपांत येते. भाद्रपदात तिला लाल-पिवळी, ज्वाळेसारखी फुलं लागतात. दिसायला देखणी आणि मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी. वैद्य तिची शुद्धी करून लेपाच्या औषधात वापरतात. गुलमंडीजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात काकासाहेब तिच्याकडून वर्षाला चार-पाच किलो कळलावी घेत. ती फक्त त्यांनाच द्यायची, रस्त्यावर कधी मांडायची नाही. तिच्यासाठी वाळवायची बाज वेगळी, सुरी वेगळी, आणि पोत्याच्या तोंडाला काळा दोरा.

गेल्या डिसेंबरात, मार्गशीर्षातल्या तिसऱ्या गुरुवारी, काळ्या दोऱ्याचं पोतं काकासाहेबांच्या काउंटरवर होतं. माझी साप्ताहिक सुट्टी होती. बेहड्याचे नमुने घ्यायला मी तिथं आले होते. दुपारचा दीड वाजला असेल. भागूबाई दुकानाच्या पायरीवर पाय लांब करून बसली होती.

"यंदा बारीक तुकडे केले व्हय?" काकासाहेबांनी दोरा सोडत विचारलं.

"अवकाळी पडला न्हवं. उन्हात वाळंना. दोन्ही मुळ्या कापून पत्र्याखाली पंख्याच्या वाऱ्यावर वाळवल्या."

एरवी वाळलेल्या मुसळीला ओळखायला फारशी अडचण नसते. सुरकुतलेली, काडीसारखी, पांढरी बोटं. कळलावी जाड, नांगराच्या फाळासारखी वाकडी. पण साल काढून नखाएवढे तुकडे केले की दोन्हीकडं उरतात नुसत्या पांढरट कपच्या.

काकासाहेबांनी तळहातावर एक कपची घेतली. तांब्यातल्या पाण्याचा थेंब तिच्यावर सोडला आणि अंगठ्यानं चोळायला लागले. ही त्यांची नेहमीची सवय, माल कुठलाही असो. अंगठा थांबला. त्यांनी दुसरी कपची घेतली. पुन्हा थेंब, पुन्हा अंगठा.

"भागूबाई, काळा दोरा तुम्ही कशाला बांधता?"

"कळलावीला."

"मग ही बुळबुळीत का लागतीय?"

ती उठली नाही. पाय मात्र जवळ घेतले.

मी माझी पाण्याची बाटली अर्धी रिकामी केली. काकासाहेबांच्या खलात चार कपच्या कुटल्या, भुकटी बाटलीत टाकली आणि जोरात हलवली. वर दोन बोटं फेस आला. आम्ही तिघं त्या फेसाकडं बघत राहिलो. तो खाली बसायची वाट बघत होतो, पण तो बसला नाही. मुसळीत साबणासारखा फेस धरणारा अंश असतो.

"ही मुसळी आहे," मी म्हणाले.

यानंतरचं तिघांनाही एकाच वेळी कळलं. काळ्या दोऱ्याच्या पोत्यात मुसळी असेल तर दुसऱ्या पोत्यात, जे सकाळपासून औरंगपुऱ्यात उघडं होतं, त्यात कळलावी होती.

"किती जणांना दिली?" काकासाहेबांनी विचारलं.

"एकीलाच. सकाळची भवानी तिनंच केली." भागूबाईचा आवाज एकदम बारीक झाला. "पावशेर घेतली. नातीसाठी. नात बाळंतीण हाय."

बाळंतिणीच्या लाडवात मुसळी घालतात, दूध वाढावं म्हणून. मी मनातल्या मनात हिशोब करायला लागले आणि अर्ध्यावर सोडून दिला. कळलावी पोटात गेली की पहिले काही तास काहीच कळत नाही. मग उलट्या आणि जुलाब, आणि मग एकेक अवयव. सोपा उतारा नाही. आणि आईच्या अंगातलं बाळाच्या अंगात जातं.

"नाव काय तिचं?" मी विचारलं.

"नाव कोण इचारतंय? आठ वरसांपासून घेती माझ्याकडून. डावा गुडघा दुखतो तिचा. वैजापूरकडची हाय मूळची."

"राहते कुठं?"

"ठावं नाय."

"काय बोलली ती? सगळं आठवा. एकेक शब्द."

भागूबाईनं डोळे मिटले. तिला अक्षरं येत नाहीत, पण माणसाचं बोलणं तिच्या डोक्यात जसंच्या तसं राहतं. हे मी आधीही पाहिलं होतं. कुणाला कधी कुठली मुळी दिली आणि तो तेव्हा काय म्हणाला, हे ती वर्षानंतर सांगते.

"म्हणाली, गुरुवार हाय, मला उपास हाय. म्हणाली, डिंक-खारीक कालच आणली. म्हणाली, आमच्याकडं आज तीनला पाणी येणार हाय, त्याच्या आत लाडू वळून टाकते, मंग पाण्यात हात अडकतात. रिक्षावाल्याला म्हणाली, टाकीपाशी सोड."

आमच्या शहरात पाणी रोज येत नाही. आठवड्यातून एकदा येतं, कधी त्याहून उशिरा, आणि प्रत्येक वस्तीचा दिवस आणि वेळ वेगळी. आज तीनला पाणी आणि जवळ टाकी, एवढ्यावर घर सापडणार नाही, पण वस्ती सापडू शकते.

मी आमच्या भागात पाणी सोडणारे वॉलमन, रामकिसन मामा, यांना फोन लावला.

"मामा, आज तीनला पाणी कुठं सुटतंय? टाकीजवळच्या भागात?"

"तुमच्याकडं परवा हाय, बाई. परवा या."

"माझ्यासाठी नाही, मामा. एका बाईच्या जिवाचा प्रश्न आहे."

ते म्हणाले, "सिडकोत. एन-सातच्या टाकीमागच्या चार गल्ल्या. तीनचा टप्पा म्हणजे त्याच. वॉल मीच फिरवणार हाय, पण मला इथनं निघायला येळ लागंल."

मी फोन ठेवला तेव्हा भागूबाई तिचा फोन कानाला लावून होती. बटणांचा, स्पीकर कायम चालू असलेला.

"रत्नमाला, तू दोरा बदलला का?"

रत्नमाला तिची सून. पलीकडं शेळ्यांचा आवाज येत होता.

"नाय वं आत्या. दोरा तुम्हीच बांधला की. मी इचारलं बी व्हतं, चावून बघितली का, तर तुम्ही व्हय म्हणाल्या. काय झालं?"

भागूबाईनं फोन बंद केला.

"चला," मी म्हणाले. "त्याआधी एक. एन-सातच्या मुलींच्या ग्रुपवर मला मेसेज टाकता येईल. मैत्रीण आहे तिथली. ती पुढं सगळीकडं पाठवेल. पण लोक असले मेसेज वाचत नाहीत. तुमचा फोटो असेल तर ती बाई ओळखेल." मी थांबले. "पण तो फोटो मग माझ्या हातात राहणार नाही. शहरभर फिरेल."

काकासाहेब म्हणाले, "भागूबाई, विचार करा. चाळीस वर्षांचं नाव हाय."

तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि दुकानाच्या दारात, उजेडाला येऊन उभी राहिली.

"तोंड नीट दिसू दे," ती मला म्हणाली.

मी फोटो काढला. खाली लिहिलं: आज सकाळी औरंगपुऱ्यात या आजींकडून मुसळी घेतली असेल तर ती खाऊ नका, विषारी मुळी चुकून दिली गेली आहे. माझा नंबर टाकला आणि पाठवला. अडीच वाजायला आले होते.

माझ्या स्कूटीवर ती दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसली. मांडीवर उरलेलं सकाळचं पोतं, तोंड घट्ट आवळलेलं. क्रांती चौकाच्या सिग्नलला आम्ही अडकलो. समोर लाल आकडे उलटे मोजत होते, नव्वदपासून.

"पोरी," ती पाठीमागून म्हणाली, "रत्नमालाचं खरं हाय."

मी मान वळवली नाही.

"मी चावली नाय. दिवाळीच्या आधी कन्नडला फुकटचं शिबिर व्हतं. वरचे समदे दात काढले, कवळी बसवली. टाळूला पिलाष्टिक. त्याला काय चव लागती का? कडू कळंना, गोड कळंना. आन् चिकटायचं म्हणशील तर भाकरबी चिकटती." तिनं श्वास घेतला. "दोन पोती समोर व्हती. लाइट गेलेली. हाताला वाटलं ही कळलावी, तिला बांधला दोरा. रत्नमालानं इचारलं. मी व्हय म्हणलं."

"तिला का नाही चावायला सांगितलं?"

एकोणचाळीस. अडतीस.

"सासूनं मला चावायला दिली ती मरायच्या आधल्या साली," भागूबाई म्हणाली. "तोवर मी नुसती माती उकरली. माझंबी तसंच व्हतं. मला वाटलं, ही चावाय लागली म्हंजी माझं संपलं."

सिग्नल सुटला. जालना रोडवर मी इतकी वेगानं कधीच गेले नव्हते.

टाकीमागच्या गल्ल्यांत पोचलो तेव्हा तीनला पाच कमी होते. पाण्याच्या दिवशी गल्ली कशी असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. प्रत्येक दारात बाई किंवा बाप्या, पाइप अंथरलेले, मोटारी जोडलेल्या, पिंप ओळीनं मांडलेले. सगळे घरी, सगळे बाहेर. शोधणाऱ्याला यापेक्षा बरी वेळ नाही.

"इथं नवी बाळंतीण कुणाकडं आहे?" मी पहिल्याच दारात विचारलं.

पाइप धरलेली बाई म्हणाली, "दोन हायत. कोणती पाहिजे?"

"जिची आजी वैजापूरची आहे. गुडघा दुखतो."

"गुडघा कुणाचा दुखत नाय?" तिनं भागूबाईकडं पाहिलं, मग नीट पाहिलं. गाऊनच्या खिशातून फोन काढला, फोनकडं पाहिलं, परत भागूबाईकडं. "तुम्ही त्या फोटोतल्या का?"

"व्हय."

बाई मागं सरकली. शेजारच्या दारातून कुणीतरी म्हणालं, "आणि वर तोंड करून आली." भागूबाईनं तिकडं बघितलं नाही. पहिलं घर चुकलं, तिथली बाळंतीण कालच सासरी गेली होती आणि तिच्या आजीला जाऊन सहा वर्षं झाली होती. दुसरं घर शेवटच्या गल्लीत होतं. आम्ही तिकडं वळलो तेवढ्यात नळांतून हवा सुटल्याचा आवाज आला आणि एकामागून एक मोटारी सुरू झाल्या.

त्या घराचं दार उघडं होतं. अंगणात माझ्याच वयाचा एक मुलगा पिंपात पाइप धरून उभा होता. विश्वजीत, बाळंतिणीचा भाऊ. मी एका दमात सांगितलं. मोटारीच्या आवाजात त्याला अर्धं ऐकू गेलं.

"मेसेज पाहिला मी," तो म्हणाला. "असले रोज येतात."

"हा खरा आहे. तुमच्या आजींना बोलवा."

"आजीनं कुठून काय आणलं मला काय माहीत. तुम्ही कोण?"

भागूबाई त्याच्या बाजूनं सरळ आत गेली. मी तिच्यामागं. स्वयंपाकघरात लोखंडी खलबत्ता, परात, तुपाचा वास. परातीसमोर गुडघा लांब करून ती आजी, मनकर्णाबाई, बसल्या होत्या. लाडू वळून झाले होते. हाताला लागलेलं तूप त्या एकमेकांवर चोळत होत्या.

"अगं भागूबाई? तू इथं कशी?"

"त्यातला कुणी खाल्ला का?"

"काय झालं?"

"अक्का, खाल्ला का कुणी?"

"मला उपास हाय. राजनंदिनीला दिला एक, गरम दुधासंगं. तासभर झाला असंल."

राजनंदिनी आतल्या खोलीत कॉटवर होती, कानाला रुमाल बांधून, बाळ मांडीवर. बाळ पीत होतं. मी आणि विश्वजीत एकदमच दारात पोचलो.

"तू लाडू खाल्लास?" मी विचारलं.

तिनं मला ओळखण्याचा प्रयत्न केला. मग माझ्यामागून आलेल्या आजीकडं पाहिलं.

"हो," ती म्हणाली.

"सगळा?"

"हो. का?"

"घड्याळ बघितलंस का तेव्हा? किती वाजले होते? विश्वजीत, गाडी काढा, घाटीत, सरकारी दवाखान्यात जायचं. बाळाला आता पाजू नकोस."

"पण झालं काय?"

"त्यात विष आहे," मी म्हणाले. यापेक्षा मऊ शब्द मला सापडला नाही.

राजनंदिनीनं बाळाला छातीपासून बाजूला केलं. ते रडायला लागलं. ती पुन्हा आजीकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीतीइतकंच आणखी काहीतरी होतं. भागूबाईला ते माझ्याआधी दिसलं. ती कॉटपाशी खाली बसली.

"बाय, माझ्याकडं बघ. आजीकडं नको बघू. मी खोटं बोलले म्हणून हे समदं झालंय. तू खरं सांग. खाल्ला का?"

मोटारीचा आवाज, बाळाचा आवाज.

"नाही," राजनंदिनी म्हणाली.

"मग कुठं हाय?"

"डायपरच्या खोक्यात."

विश्वजीतनं कॉटखालचं खोकं ओढलं आणि उपडं केलं. डायपरांच्या मधून कागदात गुंडाळलेले सात लाडू निघाले. सहा मेथीचे, वाळून दगड झालेले. एक ताजा. त्याला दाताची खूण नव्हती. मी तो हातात घेऊन सगळीकडून फिरवून पाहिला. कुठंही खूण नव्हती.

"मला मेथीचा वासच सहन होत नाही," राजनंदिनी म्हणाली. "हा नवा पण तसलाच असणार म्हणून... आजी, मी सांगणार होते."

"आठवडाभर?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "मी गुडघ्यावर बसून कुटतीय आठवडाभर."

त्या मटकन खाली बसल्या, आणि हसू की रडू हे त्यांचं ठरत नव्हतं. तरी मी राजनंदिनीला तीनदा विचारलं, कण तरी तोंडात गेला का, बोट चाटलं का. मनकर्णाबाईंना विचारलं, वळताना चव घेतली का. उपास होता, घेतली नव्हती. उपासानं एखाद्याचा जीव वाचल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

मग राग आला, जसा येणारच होता. विश्वजीतनं फोन भागूबाईसमोर धरला. "आजी, बोला आता. कॅमेऱ्यासमोर बोला काय विकलंत ते. लोकांना कळू दे."

"विश्वजीत," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"नाही, बोलू दे तिला."

भागूबाई उठून उभी राहिली. तिनं तोंडात बोट घातलं आणि कवळी काढून तळहातावर ठेवली. वरचा ओठ आत गेला, गाल बसले, ती एकदम दहा वर्षांनी म्हातारी दिसायला लागली. तळहात तिनं कॅमेऱ्यासमोर धरला.

"हे माझे दात," ती म्हणाली. शब्द नीट उमटत नव्हते. "ह्याच्यानी चावता येत नाय. तरी मी सुनंला सांगितलं, चावून बघितली. माझी चूक हाय. सुनंची नाय, ह्या पोरीची नाय. घे, झालं का?"

विश्वजीतनं फोन खाली घेतला. तो व्हिडिओ त्यानं कुठं पाठवला नाही, असं मला नंतर त्याच्या बहिणीनं सांगितलं.

परातीतले लाडू, खलातली भुकटी, उरलेल्या कपच्या आणि भागूबाईच्या मांडीवरचं पोतं, सगळं आम्ही एकत्र बांधलं. गल्लीत गायी फिरतात, म्हणून कचऱ्यात टाकायचं नव्हतं. मी ते प्रयोगशाळेत नेऊन जाळायचं कबूल केलं. खलबत्ता अंगणात नेऊन भागूबाईनं स्वतः घासला, राखेनं, तीन वेळा. विश्वजीत वरून पाइपनं पाणी सोडत होता. आठ दिवसांनी आलेलं पाणी होतं ते.

निघताना मनकर्णाबाई दारापर्यंत आल्या. "आठ वर्षं घेतीय मी तुझ्याकडून," त्या म्हणाल्या. एवढंच. भागूबाईनं मान हलवली आणि चपला घातल्या.

पुढचे दोन गुरुवार तिची जागा रिकामी होती. फोटो मात्र फिरत होता. नांदेडहून माझ्या मावशीनं मला तो पाठवला, खाली आणखी चार ओळी कुणीतरी जोडल्या होत्या, त्यात तीन माणसं दगावली होती. मी मावशीला खरं काय ते लिहिलं. तिनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं, आणि फोटो तिनं आधीच पुढं पाठवलेला होता. अजूनही कधी कधी तो येतो.

तिसऱ्या गुरुवारी भागूबाई आली. सोबत रत्नमाला. पस्तिशीची, बारीक, बोलताना सासूकडं बघणारी. पोतं एकच होतं, त्यात न कापलेल्या मुसळीच्या जुड्या. काकासाहेबांना भागूबाईनं सांगून टाकलं होतं, कळलावी बंद. माळावरच्या कळलावीला आता मुसळीसारखे तीन नव्हे, एकच दगड लावायचा आणि तिथं खुरपं घालायचं नाही.

फुलवाल्यानं विचारलं, "काय मावशी, आज सुनबाईला घेऊन?"

"तिला दात हायत," भागूबाई म्हणाली.

सकाळभर कुणी आलं नाही. दोघीजणी लांबून बघून गेल्या, एकीनं फोन काढून फोटो ताडून पाहिला. अकराच्या सुमारास रिक्षातून मनकर्णाबाई उतरल्या, डावा पाय आधी टाकत. पोत्यासमोर बसल्या. भागूबाईकडं न बघता रत्नमालाला म्हणाल्या, "दाखव."

रत्नमालानं सुरीनं कपची काढली, दाढेखाली धरली आणि चावायला लागली. भागूबाई तिच्या जबड्याकडं बघत होती. एकदा, दोनदा. रत्नमालानं तोंड उघडून दाखवलं. चिकटली होती. दुसऱ्या जुडीतली कपची तिनं जरा जास्त वेळ चावली. मग बाजूला थुंकली.

"ही नको," ती म्हणाली. "जुनी वाटती. चव गेलीय."

मला ती जुडी पहिलीसारखीच दिसत होती. भागूबाईनं ती उचलून डोळ्यांजवळ नेली, बोटांत फिरवली, आणि मग का म्हणून न विचारता परत न्यायच्या पिशवीत टाकली.